रॉबर्ट स्मॉल्स: कॅप्टन, मेजर जनरल की आमदार?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील साउथ कॅरोलिना राज्यात गुलाम म्हणून जन्मलेले आणि पुढे आमदार झालेले रॉबर्ट स्मॉल्स यांच्यावर आपण मराठीत दीर्घ चरित्रलेख लिहीत आहात. त्यांचा उल्लेख कुठे ‘नौदलाचे कॅप्टन’, कुठे ‘जहाजाचे पायलट’, तर कुठे ‘मेजर जनरल’ असा आढळल्याने नेमके पद कोणते लिहावे, हे आपल्याला ठरवता येत नाही. त्यांची विधिमंडळातील कारकीर्द एका परिच्छेदात आटोपली तर चालेल का, आणि लाचखोरीच्या शिक्षेचा उल्लेख करावा की टाळावा, असेही आपण विचारले आहे. चरित्रनोंदी लिहिणे आणि इतरांच्या नोंदी तपासणे हे माझे बऱ्याच वर्षांचे काम असून अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळातील माणसांच्या नोंदी त्यात वारंवार येतात. त्या अनुभवावरून उत्तर देतो. ते लांबणार आहे, कारण आपले तिन्ही प्रश्न मला एकाच प्रश्नाचे भाग वाटतात.

आपली खरी अडचण पदनामाची नाही. आपण स्मॉल्स यांचा सैनिकी भाग आणि राजकीय भाग अशी दोन वेगळी प्रकरणे कल्पिली आहेत, आणि पहिले रोमहर्षक व दुसरे रटाळ असे मनाशी ठरवून टाकले आहे. स्मॉल्स यांच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. त्यांना मिळालेले एकमेव निर्विवाद लष्करी अधिकारपद ज्या सरकारने दिले, त्याच सरकारच्या विधिमंडळात ते बसत होते. आणि ते सरकार ज्या वर्षी कोसळले, त्याच वर्षी त्यांचे पद गेले आणि त्याच वर्षी त्यांच्यावर खटलाही भरला गेला. हा दुवा लेखात दिसला, तर पदनामाचा गोंधळ बराचसा आपोआप सुटतो. अर्थात लेख कोणासाठी आहे, यावर काही गोष्टी अवलंबून राहतात. शाळकरी मुलांच्या मासिकासाठी लिहीत असाल, तर १८६२ मध्ये त्यांनी शत्रूची बोट पळवून नेली, त्या एका रात्रीभोवती सारा लेख गुंफणे क्षम्य आहे. कोशासाठी किंवा जाणत्या वाचकासाठी लिहीत असाल, तर मात्र ते पुरणार नाही. आपल्या प्रश्नाच्या सुरावरून आपला वाचक दुसऱ्या प्रकारचा आहे, असे मी धरून चालतो.

अशा नोंदीला हात घालण्यापूर्वी मी प्रत्येक पदासाठी चार गोष्टी लिहून काढतो: पद कोणी दिले, ते कोणत्या कागदाने दिले, त्या पदावरून माणसाने प्रत्यक्षात काय काम केले, आणि ते पद कशामुळे संपले. बहुतेक सेनाधिकाऱ्यांच्या बाबतीत या चारही गोष्टींची उत्तरे एकमेकांशी जुळतात आणि कंटाळवाणी असतात. जिथे ती जुळत नाहीत, तिथे चरित्रकाराचे खरे काम सुरू होते. स्मॉल्स यांच्या आयुष्यात ती सुरुवातीपासूनच जुळत नाहीत.

त्यांचा जन्म ५ एप्रिल १८३९ रोजी साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरील ब्यूफर्ट गावी, मालकाच्या घरामागच्या खोपटात झाला. आई लिडिया ही मॅकी कुटुंबाची गुलाम होती. बाराव्या वर्षी मालकाने त्यांना चार्ल्सटनला मजुरीवर पाठवले. हॉटेलात वाढप्याचे काम, रस्त्यावरचे दिवे लावण्याचे काम, मग गोदीत हमाली, दोरखंड आणि शिडांची कामे असे करत ते जहाजाच्या सुकाणूपर्यंत पोहोचले. मजुरीचा मोठा हिस्सा मालकाकडे जात असे. चार्ल्सटनच्या खाडीतील गाळ, प्रवाह आणि वाटा त्यांना तोंडपाठ होत्या. पण ‘पायलट’, म्हणजे बंदरातून जहाजाला वाट दाखवणारा, हे नाव गोऱ्या माणसांसाठी राखीव असल्यामुळे त्यांना केवळ सुकाणू धरणारा म्हटले जाई. म्हणजे काम एक आणि पदनाम दुसरे, ही स्थिती युद्धाच्या आधीपासूनची आहे. हा मुद्दा आपल्या लेखात लवकर यावा, म्हणजे पुढचा गोंधळ वाचकाला अपघाती वाटणार नाही. १८५६ मध्ये हॅना जोन्स या हॉटेलात काम करणाऱ्या गुलाम स्त्रीशी त्यांचे लग्न झाले. पत्नी आणि मुलगी यांना विकत घेऊन मुक्त करण्यासाठी मालकाने ८०० डॉलर मागितले होते आणि स्मॉल्स यांच्याजवळ १०० डॉलर साठले होते. पुढच्या धाडसाचा हेतू समजण्यासाठी एवढे दोन आकडे पुरेसे आहेत. त्यावर भावनिक भाष्य करण्याची गरज नाही.

आता त्या रात्रीविषयी. ‘प्लँटर’ ही कापूस वाहणारी, उथळ पाण्यात चालणारी वाफेची बोट दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी अमेरिकेतून फुटून निघालेल्या राज्यांच्या, सैन्याने भाड्याने घेतली होती आणि तिच्यावर तोफा चढवल्या होत्या. १२ मे १८६२ च्या रात्री तिचे तिन्ही गोरे अधिकारी, हुकूम मोडून, झोपण्यासाठी शहरात गेले. १३ मेच्या पहाटे तीनच्या सुमारास स्मॉल्स आणि त्यांचे गुलाम सहकारी यांनी बोट सोडली, दुसऱ्या धक्क्यावर लपून थांबलेल्या बायकामुलांना घेतले आणि बंदराबाहेरचा मार्ग धरला. कॅप्टनची गवती टोपी डोक्यावर घालून, त्याच्याच ढबीत उभे राहून स्मॉल्स यांनी वाटेतील किल्ल्यांना ठरलेले शिट्टीचे इशारे दिले. साडेचारच्या सुमारास सर्वांत धोक्याचा फोर्ट सम्टर मागे पडला. तोफांच्या टप्प्याबाहेर गेल्यावर दक्षिणेचा झेंडा उतरवून पांढरी चादर चढवली गेली, आणि नाकेबंदीसाठी उभ्या असलेल्या उत्तरेच्या ‘ऑनवर्ड’ या जहाजाने तोफा डागण्याच्या बेतात असताना ती चादर पाहिली. बोटीवर सोळा माणसे होती.

या प्रसंगात एक गोष्ट बहुतेक लेखांतून सुटते. स्मॉल्स यांनी उत्तरेला बोट आणि तोफा दिल्याच. पण त्याहून मोलाची होती ती माहिती. इशाऱ्यांची संकेतवही, पाण्यात पेरलेल्या सुरुंगांच्या जागा, आणि चार्ल्सटनच्या दक्षिणेकडील काही मोर्चे दक्षिणेच्या सैन्याने नुकतेच सोडले आहेत ही बातमी त्यांनी सोबत आणली. त्या आधारावर उत्तरेच्या नौदलाने आठवड्याभरात स्टोनो नदीच्या मुखात प्रवेश केला. नौदलाच्या तुकडीचे प्रमुख ड्यू पाँट यांनी वरिष्ठांना कळवताना, आजवर आपल्याकडे पळून आलेल्यांत हा माणूस सर्वांत श्रेष्ठ आहे, अशा अर्थाचा शेरा दिला. आपण सैनिकी कारकिर्दीविषयी लिहीत असाल, तर टोपीच्या नाट्यापेक्षा या माहितीला अधिक जागा द्यावी, असे माझे मत आहे. जाता जाता एक नोंद: ज्या नाकेबंदीकडे ही बोट गेली, त्याच नाकेबंदीने अमेरिकेचा कापूस अडवला आणि मुंबईच्या बाजारात कापसाचे भाव चढून शेअरबाजाराचे वेड माजले. मराठी वाचकासाठी एवढा दुवा एका वाक्यात जरूर द्यावा; त्यापुढे वाहवत जाऊ नये.

बोट आणून दिल्याबद्दल अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे केंद्रीय संसदेने, ३० मे १८६२ च्या कायद्याने स्मॉल्स आणि त्यांच्या साथीदारांना तिच्या किमतीचा अर्धा वाटा मंजूर केला. स्मॉल्स यांच्या वाट्याला १,५०० डॉलर आले. बोटीची किंमत फार कमी धरली गेली होती, ही तक्रार पुढे काँग्रेसमध्येही मांडली गेली. त्याच ऑगस्टमध्ये पाद्री मॅन्सफील्ड फ्रेंच यांच्यासोबत ते वॉशिंग्टनला गेले. कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्यावे, ही मागणी युद्धमंत्री स्टँटन यांच्यापर्यंत नेणाऱ्यांत ते होते, आणि त्या भेटीनंतर ५,००० पर्यंत कृष्णवर्णीय स्वयंसेवक भरती करण्याची परवानगी देणारा आदेश निघाला. मात्र या आदेशाचे सारे श्रेय एकट्या स्मॉल्स यांना देऊ नका. जनरल डेव्हिड हंटर यांनी त्या वसंतातच अशी पलटण उभारण्याचा खटाटोप केला होता, आणि काँग्रेसने जुलैमध्ये कायदाही केला होता.

यानंतर ते उत्तरेच्या बाजूने जहाजे हाकू लागले. ७ एप्रिल १८६३ रोजी चार्ल्सटनवर झालेल्या चिलखती जहाजांच्या हल्ल्यात ‘किओकक’ या जहाजाचे सुकाणू त्यांच्याकडे होते. त्या जहाजाला सुमारे ९० गोळे लागले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बुडाले. दरम्यान ‘प्लँटर’ नौदलाकडून लष्कराच्या क्वार्टरमास्टर (पुरवठा) विभागाकडे गेली होती. हा तपशील रुक्ष वाटेल, पण आपल्या प्रश्नाची किल्ली त्यातच आहे. डिसेंबर १८६३ मध्ये फॉली बेटाजवळच्या खाडीत ‘प्लँटर’वर तोफांचा मारा सुरू झाला, तेव्हा तिचा गोरा कॅप्टन सुकाणूची खोली सोडून जहाजाच्या पोटात जाऊन दडला. शरण गेलो तर कृष्णवर्णीय खलाशांना युद्धकैदी म्हणून वागवले जाणार नाही, हे ओळखून स्मॉल्स यांनी सूत्रे हाती घेतली आणि बोट सुखरूप बाहेर काढली. त्यानंतर ते ‘प्लँटर’चे कॅप्टन झाले आणि युद्ध संपेपर्यंत तिच्यावर राहिले.

आता सुरुवातीला सांगितलेल्या चार प्रश्नांची चौकट लावून पाहा. कॅप्टनपद कोणी दिले? लष्कराच्या क्वार्टरमास्टर विभागाने, जहाजाचा प्रमुख म्हणून. काम काय केले? कॅप्टनचेच, तेही शत्रूच्या माऱ्याखाली. कागद कोणता? इथे पोकळी आहे. जनरल गिलमोर यांच्याकडून नेमणूकपत्र मिळाले होते आणि ते हरवले, असे स्मॉल्स पुढे सांगत असत. पण सरकारी दप्तरात त्यांच्या नावाची सनद सापडली नाही. १८८३ मध्ये त्यांना नौदलाच्या निवृत्त अधिकाऱ्यांच्या यादीत कॅप्टन म्हणून घ्यावे, असा प्रस्ताव काँग्रेसपुढे आला, तेव्हा नेमका याच सनदेचा अभाव आडवा आला आणि प्रस्ताव बारगळला. अखेर १८९७ मध्ये काँग्रेसने खास कायदा करून नौदलाच्या कॅप्टनइतके, म्हणजे दरमहा ३० डॉलरचे, निवृत्तिवेतन त्यांना दिले. ‘नौदलाचे कॅप्टन’ हा उल्लेख बहुधा या निवृत्तिवेतनावरून रूढ झाला असावा, असा माझा तर्क आहे. म्हणून आपण ‘लष्कराच्या सेवेतील प्लँटर या जहाजाचे कॅप्टन’ असे लिहावे आणि सनदेचा प्रश्न एका वाक्यात उघड सांगावा. ‘नौदलाचे कॅप्टन’ लिहू नये. त्याचबरोबर ‘ते खरे कॅप्टन नव्हतेच’ अशी शेरेबाजीही करू नये. कागदाचा अभाव हा कृष्णवर्णीय माणसाला अधिकारपद कोणत्या खात्यात मांडावे हे न ठरवलेल्या व्यवस्थेचा दोष आहे, आणि त्या अभावाचा भुर्दंड त्यांनी पुढे तीस-पस्तीस वर्षे भरला.

१८६४ मध्ये ‘प्लँटर’ दुरुस्तीसाठी फिलाडेल्फियाला गेली. तो काळ वाचकाला सांगण्याजोगा आहे. पंचविशीतील या कॅप्टनने तिथे शिक्षक ठेवून लिहायला-वाचायला शिकायला सुरुवात केली. तिथेच घोड्यांच्या ट्रामगाडीत गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडण्यास त्यांना सांगितले गेले, आणि उघड्या फलाटावर उभे राहण्याऐवजी ते खाली उतरून चालत गेले. युद्धातील वीराची ही वागणूक शहरात गाजली आणि पेनसिल्व्हेनियात ट्रामगाड्यांतील भेदभावाविरुद्ध चाललेल्या चळवळीला तिचा आधार मिळाला. १८६७ मध्ये त्या राज्याने कायद्याने हा भेद बंद केला. विधिमंडळाच्या कायद्याने रोजच्या जगण्यात काय बदलू शकते, याचा हा धडा त्यांनी निवडून येण्याच्या आधीच पाहिला होता.

इथून आपण ज्याला ‘एका परिच्छेदात आटोपता येईल’ म्हणता, तो भाग सुरू होतो. जानेवारी १८६८ मध्ये चार्ल्सटनमध्ये राज्याची नवी घटना लिहिण्यासाठी परिषद भरली. तिच्या सदस्यांत कृष्णवर्णीयांचे बहुमत होते, आणि त्यांतील कित्येक जण तीन वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम होते. स्मॉल्स ब्यूफर्टचे प्रतिनिधी होते. सर्व मुलांसाठी मोफत सरकारी शाळांची व्यवस्था असावी आणि शिक्षण सक्तीचे करावे, असा ठराव त्यांनी मांडला. ज्या राज्यात गुलामाला लिहायला शिकवणे हाच गुन्हा होता, तिथे सर्वांना खुल्या असलेल्या मोफत शाळा घटनेत आल्या. स्वतःला वयाच्या पंचविशीत अक्षरओळख झालेल्या माणसाने हा ठराव मांडला, ही गोष्ट मुद्दाम अधोरेखित न करताही वाचकाच्या लक्षात येते; फक्त फिलाडेल्फियाचा प्रसंग आधी सांगितलेला असावा लागतो. नोंदीत प्रसंगांचा क्रम लावताना मी याच गोष्टीकडे सर्वाधिक लक्ष देतो.

त्याच वर्षी ते राज्याच्या कनिष्ठ सभागृहात निवडून आले. १८७० मध्ये जोनाथन राइट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्याने रिकामी झालेली जागा जिंकून ते राज्याच्या सिनेटमध्ये गेले आणि १८७४ च्या निवडणुकीत अमेरिकी काँग्रेसवर निवडून येईपर्यंत तिथे राहिले. राज्याच्या या विधिमंडळाविषयी पुढच्या काळात जी व्यंगचित्रे आणि जी पुस्तके निघाली, त्यांनी तिथले कृष्णवर्णीय आमदार म्हणजे अडाणी व लुटारू अशी प्रतिमा रंगवली. राज्यात छपाई, रेल्वे आणि कर्जरोखे यांत पैसे खाल्ले गेले, हे खरे आहे. खाणाऱ्यांत गोरे आणि काळे दोन्ही होते. पण राज्यात प्रथमच सर्वांसाठी शाळा निघाल्या आणि वंशाची अट न ठेवता मतदान झाले, तेही याच विधिमंडळाच्या काळात. मराठी वाचकाला कालसंदर्भ द्यायचा असेल, तर १८७३ हे वर्ष उपयोगी पडेल: त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी आपला ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, आणि त्याच वर्षी, गुलामीतून मुक्त झालेला हा एक माणूस साउथ कॅरोलिनाच्या सिनेटमध्ये बसत होता.

मेजर जनरल हे पद याच काळातील आहे. राज्याच्या मिलिशियाचे, म्हणजे नागरिकांच्या राखीव सैन्यदलाचे, दरवाजे सर्वांना खुले असले, तरी बहुतेक गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांबरोबर कवायत करण्याचे नाकारले, त्यामुळे ते दल जवळजवळ संपूर्ण कृष्णवर्णीयांचे झाले. १८७३ मध्ये स्मॉल्स तिसऱ्या रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल झाले, पुढे दुसऱ्या ब्रिगेडचे ब्रिगेडियर जनरल, आणि त्यानंतर दुसऱ्या डिव्हिजनचे मेजर जनरल. चौकट पुन्हा लावून पाहिली, तर इथे देणारी सत्ता स्पष्ट आहे, ती म्हणजे राज्यसरकार. अधिकारही स्पष्ट आहे. ‘मेजर जनरल’ लिहिण्यात म्हणून काहीच चूक नाही. फक्त ‘साउथ कॅरोलिना राज्य मिलिशियाचे’ हे शब्द त्याआधी आलेच पाहिजेत. नाहीतर हे पद यादवी युद्धातील असल्याचा समज होतो, आणि हा घोळ मी तपासलेल्या अनेक लेखांत आहे.

या जनरलपदावरून त्यांनी केलेले सर्वांत लक्षणीय काम लढाईचे नाही. १८७६ च्या उन्हाळ्यात काँबाही नदीकाठच्या भातमळ्यांवरील मजुरांनी संप केला. त्यांना मजुरीत वाढ हवी होती, आणि ती मालकाच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्यांऐवजी रोख हवी होती. एका बाजूला काठ्या घेतलेले शेकडो संपकरी, दुसऱ्या बाजूला बंदुका घेतलेले गोरे मळेवाले, अशी स्थिती असताना स्मॉल्स तिथे गेले आणि संपकऱ्यांना समजावून त्यांनी रक्तपात टाळला. तेव्हा ते काँग्रेसचे सदस्यही होते आणि मिलिशियाचे सेनापतीही. समोरचे मजूर हेच त्यांचे मतदार होते. सैनिकी आणि राजकीय अशी विभागणी करणाऱ्या लेखात हा प्रसंग कुठे बसवणार? माझ्या पाहण्यातील बहुतेक लेखांत तो कुठेच बसलेला नाही, आणि मला वाटते विभागणी चुकीची असल्याचा याहून चांगला पुरावा नको.

त्याच जुलैमध्ये राज्याच्या पश्चिम सीमेवरील हॅम्बर्ग गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने मिलिशियाच्या कृष्णवर्णीय तुकडीवर हल्ला करून पकडलेल्यांपैकी काही जणांना ठार मारले. साउथ कॅरोलिनातील केंद्रीय सैन्य काढून घेऊ नये, अशी दुरुस्ती स्मॉल्स यांनी काँग्रेसमध्ये मांडली. ती फेटाळली गेली. त्या वर्षीच्या निवडणुकीत लाल सदरे घातलेल्या घोडेस्वारांच्या टोळ्या सभा उधळत फिरल्या. एप्रिल १८७७ मध्ये केंद्राने राज्याच्या राजधानीतील सैनिक मागे घेतले आणि स्मॉल्स यांच्या विरोधातील डेमोक्रॅटिक पक्षाचे वेड हॅम्प्टन यांचे सरकार निर्वेध सत्तेवर आले. स्मॉल्स यांचे मेजर जनरलपद त्या वर्षीच संपले. त्यांच्याविरुद्ध शिस्तभंगाची किंवा अपयशाची कोणतीही तक्रार नव्हती. पद देणारी सत्ता गेली, म्हणून पद गेले.

लाचखोरीचा खटला या पार्श्वभूमीवर सांगा, पण सांगाच. आरोप असा होता की, राज्याच्या सिनेटच्या छपाई समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी सरकारी छपाईच्या कंत्राटाच्या बदल्यात ५,००० डॉलर घेतले. मुख्य साक्षीदार जोसेफस वुड्रफ हा सिनेटचा सचिव असून छपाई कंपनीही त्याचीच होती. राज्यातून पळालेल्या या माणसाला परत आणून, शिक्षेतून सवलतीचे आश्वासन देऊन साक्षीला उभे केले होते. नोव्हेंबर १८७७ मध्ये स्मॉल्स दोषी ठरले आणि त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असताना ते जामिनावर सुटले. १८७९ मध्ये गव्हर्नर सिम्पसन यांनी त्यांना माफी दिली. त्याच सुमारास निवडणुकीतील गैरप्रकारांबद्दल डेमोक्रॅटिक पक्षाच्या लोकांवर चालू असलेले केंद्रीय खटले सोडून देण्यात आले.

अशा जागी चरित्रकार दोन प्रकारे घसरतो. एक तर तो खटला गाळतो, किंवा ‘राजकीय सूड’ असे दोन शब्द लिहून मोकळा होतो. मी स्वतः अशा वेळी आरोप, साक्षीदाराचा हितसंबंध, निकाल आणि माफीची परिस्थिती एवढे चार मुद्दे ओळीने देतो आणि विशेषणे वगळतो. माझे वैयक्तिक मत विचाराल, तर सवलत मिळालेल्या भागीदाराच्या साक्षीवर आणि नव्या सत्ताधाऱ्यांच्या घाईवर उभा राहिलेला हा खटला मला विश्वासार्ह वाटत नाही. तरीही ते माझे मत आहे, आणि नोंदीत ते मत म्हणूनच यायला हवे. त्यांच्या मतदारांनी काय मानले, हे मात्र मताचा विषय नाही: ब्यूफर्टच्या लोकांनी त्यांना पुढेही निवडून दिले.

काँग्रेसमधील कारकीर्द तुलनेने थोडक्यात देता येईल. १८७५ ते १८७९, मग १८८२–८३, आणि १८८४ ते १८८७ अशी ती तुटक आहे. प्रत्येक खंडामागे मतपेट्यांची पळवापळवी, तक्रारअर्ज आणि मतदारसंघांची मोडतोड आहे. १८८२ मध्ये राज्याने प्रत्येक पदासाठी वेगळी मतपेटी ठेवण्याचा कायदा केला. चुकीच्या पेटीत टाकलेले मत बाद होत असे, आणि पेटीवरचे अक्षर वाचता न येणाऱ्याचे मत त्यामुळे वाया जाई. एवढे एक उदाहरण दिले, की बाकीच्या निवडणुकांचे आकडे देण्याची गरज उरत नाही. एक छोटी पण अर्थपूर्ण गोष्ट मात्र ठेवा: १८८६ मध्ये जनरल हंटर यांच्या विधवेला निवृत्तिवेतन मिळावे, यासाठी स्मॉल्स यांनी सभागृहात जोरदार भाषण केले. हंटर म्हणजे कृष्णवर्णीयांची पलटण उभारू पाहणारे तेच सेनानी. अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी ते विधेयक नाकारले.

मी जिथे सर्वाधिक रेंगाळेन, ते वर्ष १८९५. १८६८ च्या घटनेच्या जागी राज्याची नवी घटना लिहिण्यासाठी राजधानी कोलंबिया येथे परिषद भरली. १६० सदस्यांत सहा कृष्णवर्णीय होते आणि त्यांतील पाच ब्यूफर्टचे. परिषदेचे सूत्रधार बेन टिलमन यांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेण्याचा हेतू लपवलाही नव्हता. घटनेतील उतारा वाचता-लिहिता येण्याची किंवा ३०० डॉलरच्या मालमत्तेवर कर भरल्याची अट हा त्याचा मार्ग होता. १८६८ च्या परिषदेत बसलेले स्मॉल्स आता तिथे बसून आपलेच काम मोडले जाताना पाहत होते, पण गप्प बसले नाहीत. आमच्या वंशाला विशेष संरक्षण नको, जीवनाच्या लढाईत समान संधी तेवढी हवी, अशा आशयाचे त्यांचे भाषण तिथलेच. मिश्रविवाहावर बंदी घालणारे कलम चर्चेला आले, तेव्हा त्यांनी दुरुस्ती सुचवली की, कृष्णवर्णीय स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या गोऱ्या पुरुषाला सार्वजनिक पद धारण करता येऊ नये. सभागृहात किती जणांना ती झोंबली असेल, याची कल्पना करता येते. दुरुस्ती अर्थातच नापास झाली. घटना तयार झाल्यावर तिच्यावर सही करण्यास त्यांनी नकार दिला. लोकप्रतिनिधी म्हणून त्यांच्या कारकिर्दीचे मोजमाप मी या दोन परिषदांच्या आधारे करतो: पहिलीतला ठराव आणि दुसरीतला नकार.

उरलेल्या आयुष्यात ते ब्यूफर्ट बंदराचे जकात अधिकारी होते, मधला काही काळ वगळता १८८९ पासून १९१३ पर्यंत. अध्यक्ष विल्सन यांचे सरकार आल्यावर ते पद गेले. २३ फेब्रुवारी १९१५ रोजी ज्या घरात ते वारले, ते त्यांच्या जुन्या मालकाचे घर होते. युद्धकाळात कर न भरल्याने सरकारने विक्रीला काढलेले ते घर त्यांनी विकत घेतले होते, आणि मालकी परत मागणाऱ्या डी ट्रेव्हिल यांच्याविरुद्धचा दावा त्यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला होता. या घरात त्यांनी मालकाच्या वृद्ध पत्नीला आश्रय दिल्याची कथा सर्वत्र सांगितली जाते. ती वापरायची असेल, तर ‘सांगितले जाते’ असे म्हणून वापरा. न्यायालयाचा निकाल मात्र निःशंकपणे द्या, कारण तो छापील अहवालात उपलब्ध आहे.

जागेच्या वाटणीबद्दल म्हणाल, तर प्लँटरच्या रात्रीला पाचव्या हिश्शाहून अधिक जागा देऊ नये, आणि १८६८ ते १८७७ या नऊ वर्षांना किमान तिप्पट द्यावी. शीर्षकाखालच्या परिचयाच्या ओळीत ‘कॅप्टन’ किंवा ‘जनरल’ यांपैकी काहीच न लिहिता ‘साउथ कॅरोलिनाचे आमदार, काँग्रेस सदस्य आणि यादवी युद्धातील जहाजप्रमुख’ असे लिहिले, तर पुढचा तपशील मजकुरात नीट उलगडता येईल. आणखी एक सावधगिरी: अमेरिकी लष्कराच्या एका मालवाहू जहाजाला ‘मेजर जनरल रॉबर्ट स्मॉल्स’ हे नाव आहे, तर अमेरिकी नौदलाने २०२३ मध्ये ‘चॅन्सलर्सव्हिल’ या क्रूझरचे नाव बदलून ‘रॉबर्ट स्मॉल्स’ केले. ही नावे गौरवाची आहेत. पदाचा पुरावा म्हणून त्यांचा दाखला देऊ नये. लष्कराच्या जहाजावरील ‘मेजर जनरल’ हे राज्य मिलिशियातील पद आहे, आणि नौदलाच्या जहाजावर कोणतेही पद लिहिलेले नाही.